पैसे भरून झालेला माल जाळायचा कशासाठी? बेल्जियममध्ये अडकलेल्या गर्भनिरोधकांचं प्रकरण

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात गील नावाचं एक लहानसं शहर आहे. तिथल्या एका गोदामात २०२५ च्या सुरुवातीपासून गर्भनिरोधकांचा मोठा साठा अडकून पडला. त्यात पाळणा लांबवायच्या गोळ्या होत्या, तीन महिन्यांची इंजेक्शनं होती, दंडात बसवायची इम्प्लांट्स होती आणि गर्भाशयात बसवायची साधनंही होती, ज्यांना आपल्याकडे सरसकट तांबी म्हणतात. किंमत ९७ लाख डॉलर, म्हणजे सुमारे ८३ कोटी रुपये. हा सगळा माल अमेरिकेची परदेशी मदत वाटणाऱ्या यूएसएड या संस्थेने आधीच्या सरकारच्या काळात विकत घेतला होता. पैसे देऊन झाले होते. माल चांगला होता आणि मुदत एप्रिल २०२७ ते सप्टेंबर २०३१ दरम्यान संपणार होती. जायचा होता तो मुख्यतः काँगो, केनिया, टांझानिया, झांबिया आणि माली या देशांत.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की हा माल नष्ट करायचा निर्णय झाला आहे. फ्रान्समधल्या वैद्यकीय कचरा जाळणाऱ्या भट्टीत तो पाठवायचा. त्याचा खर्च १ लाख ६७ हजार डॉलर.

सरकारने निधी कापला की त्याचं समर्थन बहुतेक वेळा बचतीच्या भाषेत होतं. त्यामुळे वाद खर्चाभोवती फिरत राहतो: एवढा पैसा द्यावा का, किती द्यावा, कुणी द्यावा. गीलच्या प्रकरणात तो मुद्दाच उरत नाही. माल गरजूंपर्यंत पोचवायला दुसरे लोक स्वतःच्या खर्चाने तयार होते आणि जाळायला मात्र अमेरिकी करदात्याचेच पैसे लागणार होते. म्हणून जागतिक आरोग्यावरच्या कपातीचं खरं रूप समजून घ्यायला मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं.

आधी काय घडलं

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवस थांबवून तिचा फेरविचार करण्याचा आदेश काढला. २४ जानेवारीला परराष्ट्र खात्याने चालू कामंही जागच्या जागी थांबवायला सांगितलं. ओरड झाल्यावर जीव वाचवणाऱ्या मदतीला सवलत देण्यात आली, पण एचआयव्हीच्या कार्यक्रमांना ती देताना कुटुंबनियोजन त्यात धरलेलं नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. १० मार्चला परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केलं की यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले. १ जुलैला यूएसएड ही संस्थाच स्वतंत्र संस्था म्हणून संपली आणि उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं.

कुटुंबनियोजनाच्या क्षेत्रात याचा अर्थ काय होता? अमेरिका त्यावर वर्षाला सुमारे ६० कोटी ७५ लाख डॉलर खर्च करत होती. जगभरातली दाता सरकारं यासाठी जो पैसा देतात त्यातला जवळपास ४० टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा होता. प्रजनन आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या गुटमाकर इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेच्या हिशेबाने या पैशातून वर्षाला ४ कोटी ७६ लाख स्त्रिया आणि जोडप्यांना सेवा मिळत होती, १ कोटी ७१ लाख नको असलेली गर्भारपणं टळत होती आणि ३४ हजार बाळंतपणाशी निगडित मृत्यू वाचत होते. आणि हा खर्च अमेरिकी केंद्र सरकारच्या एकूण खर्चाच्या एका टक्क्याचा साधारण शंभरावा भाग.

गोदामात माल का असतो

टांझानियाच्या एखाद्या आरोग्य केंद्रातलं इंजेक्शन तिथल्या बाजारातून आलेलं नसतं. पुढच्या वर्षी कोणत्या साधनाची किती मागणी येईल याचा अंदाज आधी बांधावा लागतो, मग कंपन्यांकडे कित्येक महिने अगोदर ऑर्डर जाते. माल तयार झाला की तो ठरावीक तापमान राखणाऱ्या मोठ्या गोदामात येतो आणि तिथून देशोदेशी रवाना होतो. गीलचं गोदाम असंच मधलं ठाणं. अमेरिकी सरकारसाठी ही पुरवठ्याची व्यवस्था केमोनिक्स ही कंत्राटदार कंपनी बघत असे.

एवढ्या लांबलचक साखळीत माल कुठल्याही क्षणी कुठेतरी वाटेत असतोच. म्हणून काम थांबवायचा आदेश निघतो तेव्हा नव्या खरेदीपेक्षा आधी हाच वाटेतला माल अडतो. गाडीत भरायला माणूस नाही, भाड्याच्या बिलावर सही करायला अधिकारी नाही, पोचल्यावर उतरवून घेणारा प्रकल्प बंद. शिवाय औषधाची मुदत संपायची वाटही बघावी लागत नाही. अनेक देशांत आयातीच्या वेळी ठरावीक प्रमाणात मुदत शिल्लक असावीच लागते. त्यामुळे २०२९ पर्यंत चांगलं राहणारं इम्प्लांट २०२६ मध्येच सीमेवर नाकारलं जाऊ शकतं. माल नुसता पडून राहिला तरी तो हळूहळू बाद होत जातो, त्यासाठी भट्टी लागत नाही.

इथे मालीचे आणि टांझानियाचे आकडे सांगायला हवेत. आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघ, म्हणजे आयपीपीएफ, या संस्थेने दिलेल्या माहितीनुसार साठ्यातली दहा लाखांहून जास्त इंजेक्शनं आणि ३ लाख ६५ हजार इम्प्लांट्स टांझानियासाठी होती. ती त्या देशाच्या वर्षाच्या गरजेच्या २८ टक्के. मालीसाठी १२ लाख गोळ्यांची पाकिटं आणि जवळपास ९६ हजार इम्प्लांट्स, म्हणजे तिथली पाव वर्षाची गरज. पाच देश मिळून १४ लाखांहून जास्त स्त्रिया आणि मुली या एका साठ्यावाचून अडणार होत्या.

इंजेक्शनची तारीख

या साठ्यातलं इंजेक्शन मराठी वाचकाला परकं नाही. डीएमपीए हेच औषध आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१७ पासून ‘अंतरा’ नावाने मोफत मिळतं. एक टोचणी, तीन महिने निश्चिंती. घरात कुणाला कळत नाही, रोज गोळी आठवावी लागत नाही, नवऱ्याची किंवा सासूची परवानगी मागावी लागत नाही. कार्डावर पुढची तारीख लिहून मिळते. आफ्रिकेत अनेक बायका नेमक्या याच कारणासाठी इंजेक्शन निवडतात. तिथे त्याचा आणखी एक प्रकार रुळला आहे: छोट्या प्लास्टिकच्या फुग्यातच औषध आणि त्यालाच बारीक सुई. शिकवलं की बाई ते घरी स्वतः टोचून घेऊ शकते.

आता तारखांचा हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे दोन इंजेक्शनांमध्ये १३ आठवड्यांचं अंतर असतं आणि उशीर झाला तर आणखी ४ आठवडे सांभाळून घेता येतात. २४ जानेवारीला, म्हणजे ज्या दिवशी काम थांबवायचा आदेश निघाला त्या दिवशी, एखाद्या बाईने इंजेक्शन घेतलं असेल तर तिची पुढची तारीख २५ एप्रिल. सवलतीचे दिवस धरून शेवटची मुदत २३ मे. त्या दिवशी केंद्रात औषध नसलं तर ती उघडी पडली. तिचे दिवस आता नशिबावर.

वॉशिंग्टनमध्ये ९० दिवसांचा फेरविचार ही कागदावर छोटी गोष्ट वाटते. १३ आठवडे म्हणजे ९१ दिवस. फेरविचार वेळेवर संपून दुसऱ्याच दिवशी गाड्या सुटल्या असत्या, तरी गीलहून टांझानियातल्या खेड्यापर्यंत माल पोचायला लागणारा वेळ धरता या बाईची तारीख हुकण्याचीच भीती होती. प्रत्यक्षात तो माल सुटलाच नाही. ही आकडेमोड निर्णय घेणाऱ्यांपैकी कुणी केली होती का, हा प्रश्न मला सोडत नाही. कारण त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, कुठल्याही आशाताईने ती बोटांवर करून दाखवली असती.

पुढे आलेले हात

माल घ्यायला कुणी नव्हतं असं झालं नाही. आयपीपीएफने सांगितलं की आम्ही बेल्जियममधून माल उचलतो, नेदरलँड्समधल्या आमच्या गोदामात नेऊन नव्याने पॅक करतो, तुम्हाला एक पैसा खर्च नाही. एमएसआय रिप्रॉडक्टिव्ह चॉइसेस या ब्रिटिश संस्थेने पॅकिंग, वाहतूक आणि आयात शुल्क असं सगळं भरायची तयारी दाखवली. त्यांना सांगण्यात आलं की माल पूर्ण बाजारभावानेच मिळेल. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीशी, म्हणजे यूएनएफपीएशी, विक्रीची बोलणी झाली आणि फिसकटली.

घोडं अडलं कुठे? परराष्ट्र खात्याचं म्हणणं असं होतं की नियमात बसणारा ग्राहकच मिळत नाही. अमेरिकेचं एक धोरण आहे, १९८४ मध्ये रेगन यांच्या काळात मेक्सिको सिटीत जाहीर झालेलं. गर्भपाताची सेवा किंवा त्याबद्दल सल्ला देणाऱ्या परदेशी संस्थेला अमेरिकी मदत द्यायची नाही, असं ते सांगतं. रिपब्लिकन अध्यक्ष आला की ते लागू होतं, डेमोक्रॅट आला की रद्द होतं. २४ जानेवारीला ते पुन्हा लागू झालं होतं आणि आयपीपीएफ, एमएसआय या दोन्ही संस्था त्याच्या कक्षेत येतात. यूएनएफपीएचे पैसेही वेगळ्या कायद्याच्या आधाराने रोखले गेले होते.

हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो, कारण नियम खरोखरच आहेत. पण नियम मदतीबद्दल आहेत. संबंधित देशांच्या आरोग्य मंत्रालयांना थेट माल सोपवायला त्यातला कोणता नियम आडवा येत होता? शोध पळवाटेचा चालला असता तर सापडली असती. इथे मनच नव्हतं.

आणि मन कुठे होतं ते शब्दांवरून कळलं. परराष्ट्र खात्याने या साठ्याला ‘गर्भपात घडवणारी’ साधनं म्हटलं. हे धडधडीत खोटं आहे. इंजेक्शन आणि इम्प्लांट बीजांड बाहेर पडणं थांबवतात आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट करतात, त्यामुळे शुक्राणू आत जात नाहीत. गोळ्यांचं कामही साधारण तसंच. तांबी शुक्राणूंना निकामी करते. दिवस गेल्यावर गर्भ पाडण्याचं काम यातलं एकही साधन करत नाही. शिवाय १९७३ पासून अमेरिकी मदतीच्या पैशातून गर्भपातावर खर्च करायला कायद्यानेच बंदी आहे. पन्नास वर्षं अमलात असलेला कायदा धुडकावून यूएसएड गर्भपाताची औषधं साठवत होती, असा त्या विधानाचा अर्थ होतो आणि त्याला कसलाही पुरावा नाही.

याचा उलटा परिणाम काय होतो हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. साधन मिळालं नाही की नको असलेलं गर्भारपण वाढतं, आणि जिथे कायदेशीर, सुरक्षित गर्भपात मिळत नाही तिथे बाई सुईणीकडे, काडीकडे, कसल्यातरी मुळीकडे वळते. गर्भपाताला विरोध असणाऱ्या माणसाने तर हा साठा सगळ्यात आधी रवाना करायला हवा होता.

भट्टी आणि फ्लँडर्सचा कायदा

माल वाचवायचा प्रयत्न अमेरिकेतही झाला. सिनेटर जीन शाहीन आणि ब्रायन शॅट्झ यांनी चांगल्या मुदतीतला मदतीचा माल नष्ट करण्यावर बंदी घालणारं विधेयक मांडलं. बेल्जियमच्या परराष्ट्र खात्याने वाटाघाटी केल्या. माल ज्या देशात जाळायचा होता त्या फ्रान्सच्या सरकारने मात्र तो ताब्यात घ्यायला आपल्याकडे कायदेशीर मार्ग नाही असं सांगून हात वर केले. स्त्रियांच्या हक्कांची भाषा जगात सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या देशांपैकी हा एक, म्हणून हे उत्तर जास्त लागलं.

माल थांबवला तो शेवटी एका अगदी रुक्ष नियमाने. गील ज्या फ्लँडर्स प्रदेशात आहे तिथे पुन्हा वापरता येण्याजोग्या वस्तू जाळायला बंदी आहे. सूट हवी तर पर्यावरणमंत्र्यांकडे अर्ज करावा लागतो. हा नियम स्त्रियांच्या आरोग्याचा विचार करून कुणी केलेला नाही, तो कचरा कमी व्हावा म्हणून आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेकडून माल नष्ट झाल्याचं सांगितलं गेलं. फ्लँडर्सच्या निरीक्षकांनी गोदामात जाऊन बघितलं तर माल जागेवर होता.

तेवढ्याने तो वाचला असं मात्र नाही. नोव्हेंबरमध्ये फ्लँडर्सचे पर्यावरणमंत्री यो ब्राउन्स यांच्याकडून कळलं की बहुतांश माल आधीच काल्लो इथल्या दुसऱ्या गोदामात हलवला गेला होता आणि तिथली साठवण औषधांच्या निकषांत बसत नव्हती. तो माल औषध म्हणून वापरता येण्याजोगा उरला नव्हता. तेव्हा जाळायची परवानगी नव्हती, वाटायची सोय नव्हती.

दुसरी बाजू

या सगळ्यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा: आफ्रिकेतल्या बायकांच्या गोळ्यांचे पैसे अमेरिकेने का द्यायचे? आफ्रिकी देशांनी २००१ मध्ये अबुजा इथे ठरवलं होतं की राष्ट्रीय अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करू. बहुतेक देश तिथवर कधीच पोचले नाहीत, आणि मदत येत राहिल्यामुळे अर्थमंत्र्यांवर दबावही आला नाही. ही टीका आफ्रिकेतले लोकच सगळ्यात कडक शब्दांत करतात. २०२५ मध्ये नायजेरियाच्या संसदेने आरोग्यासाठी २० कोटी डॉलर जादा मंजूर केले तेव्हा त्यांच्याकडे हे जमू शकतं हेही दिसलं. भारत आपल्या कुटुंबनियोजनाचा खर्च मुख्यतः स्वतःच करतो, आणि मुंबईच्या फॅमी केअरसारख्या कंपन्यांनी तर गर्भनिरोधक गोळ्या बनवून जगाला पुरवल्या. परावलंबन हे काही कायमचं विधिलिखित नाही.

पण मदत बंद करणं आणि मदत एका रात्रीत तोडणं यात फरक आहे. अमेरिकेने पाच वर्षांचा उतरता आराखडा दिला असता, दरवर्षी वीस टक्के कमी, तर देशांना अर्थसंकल्पात तरतूद करता आली असती. तसं झालं नाही. त्यातच ब्रिटनने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं आणि युरोपातली इतरही सरकारं त्याच वाटेने निघाली. एका दात्याने हात काढला तर दुसरा सावरून घेतो, हा या व्यवस्थेचा वर्षानुवर्षांचा आधार होता. २०२५ मध्ये सगळे एकदमच मागे सरले. देशाकडे थोडे पैसे जमले की ते आधी एचआयव्हीच्या गोळ्यांना आणि मलेरियाला जातात. कुटुंबनियोजन रांगेत मागे राहतं, कारण त्याचे मृत्यू नऊ महिन्यांनंतर आणि बाळंतपणाच्या नावाखाली नोंदले जातात.

इम्प्लांटचं काय

आणखी एक बाजू जवळजवळ कुणी बोलत नाही. इम्प्लांट म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली सरकवलेली काडीपेटीतल्या काडीएवढी लवचीक काडी. एका काडीचं तीन वर्षं, जेडेल या दोन काड्यांच्या इम्प्लांटचं पाच वर्षं चालतं असं त्यांच्या वेष्टनावर असायचं. गरीब देशांत ते पोचलं ते २०१२ च्या लंडनमधल्या कुटुंबनियोजन परिषदेच्या सुमारास. दाते एकत्र आले, मोठ्या खरेदीची हमी दिली आणि बायर कंपनीने जेडेलचा दर १८ डॉलरवरून साडेआठ डॉलरवर आणला. त्यानंतर ते झपाट्याने पसरलं.

गोळी बाई स्वतः बंद करू शकते, इंजेक्शन घ्यायचं थांबवू शकते. इम्प्लांट मात्र स्वतः काढता येत नाही. त्यासाठी बधीर करायचं औषध, निर्जंतुक ब्लेड आणि शिकलेला हात लागतो. काडी खोल गेली असेल तर अनुभवी हात लागतो. हे प्रशिक्षण आणि खेडोपाडी जाणारी फिरती पथकं यातला मोठा भाग दात्यांच्याच पैशावर चालत होता. २०२३ किंवा २०२४ मध्ये ज्यांनी इम्प्लांट बसवलं त्यांना ते २०२६ ते २०२९ च्या दरम्यान काढून घ्यावं लागेल, आणि मूल हवं झालं किंवा रक्तस्राव थांबेना झाला तर त्याआधीच. बसवताना त्यांना शब्द दिलेला असतो की हवं तेव्हा काढून मिळेल.

गीलच्या साठ्याबद्दल बोलताना पेट्या मोजल्या जातात, कारण त्या मोजता येतात. निधी पुन्हा सुरू करण्याची चर्चा कधी झालीच, तर माझ्या मते पहिला पैसा नव्या खरेदीला न जाता इम्प्लांट काढणाऱ्या नर्सच्या पगाराला आणि तिच्या किटला जायला हवा. ही देणेदारी आधीच उभी आहे, आणि तिच्या तारखा त्या बायकांच्या कार्डांवर लिहिलेल्या आहेत.